ड्रॅग की सर्किट? साताऱ्या-सांगलीच्या नवशिक्यासाठी पहिल्या रनपर्यंतची वाट

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्यांचं मैदान पाहिलेल्या माणसाला ड्रॅग रेसिंग फारसं समजावून सांगावं लागत नाही. सरळ फाटी, झेंडा पडला की सुटायचं, गट, सेमीफायनल, फायनल, आणि काही सेकंदांत निकाल. सर्किट रेसिंगचा, म्हणजे वळणावळणाच्या बंद ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या शर्यतीचा, असा ओळखीचा नमुना आपल्याकडे नाही. त्यामुळे कराड, विटा, तासगाव, मिरज इकडच्या पोरांना वेग आवडायला लागला की ती सरळ रेषेकडेच वळतात. गॅरेजला जाऊन इंजिनावर पैसे घालतात. वळणाचा खेळ आपल्याला जास्त भावला असता हे कळेपर्यंत गाडी त्या कामाची राहिलेली नसते.

मी दोन्ही केलंय आणि दोन्हींत मला मनापासून आनंद मिळतो. नव्या माणसाला माझं एकच सांगणं असतं: आधी दोन्हींची चव घ्या, मग गाडीला हात लावा. हे कसं करायचं ते खाली क्रमाने लिहिलंय. मी दुचाकीवाला आहे, म्हणून उदाहरणं दुचाकीची आहेत. चारचाकीवाल्यांना त्यातलं बरंचसं लागू पडेल.

१. ड्रॅगमध्ये नक्की काय मोजतात ते समजून घ्या

अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. काही ठिकाणी निम्मं, २०१ मीटर. दोन लेन, दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुरुवात. १५०-२०० सीसीची साधी गाडी हे अंतर साधारण १६ ते १९ सेकंदांत कापते. जगातल्या सगळ्यात जोरदार ड्रॅग गाड्या, ज्यांना टॉप फ्युएल म्हणतात, त्या नायट्रोमिथेन या खास इंधनावर चालतात आणि ताशी ५३० किलोमीटरच्या वर जातात. एका जीवघेण्या अपघातानंतर २००८ पासून त्यांचं अंतर कमी करून १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर केलं गेलं.

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. पुढचं चाक हळूहळू सरकवत पहिला प्रकाशकिरण तोडलात की वरचा छोटा दिवा लागतो, तो प्री-स्टेज. आणखी थोडं पुढे गेलात की दुसरा, तो स्टेज. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की पिवळे दिवे लागतात आणि मग हिरवा. एका पद्धतीत तीन पिवळे एकामागून एक, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. दुसऱ्या पद्धतीत तिन्ही एकदम लागतात आणि ०.४ सेकंदात हिरवा येतो. हिरव्याच्या आधी हललात तर लाल दिवा लागतो आणि रन गेला.

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. तुमच्या हातात जी स्लिप येते तिच्यावर रिअॅक्शन टाइम आणि ईटी, म्हणजे एकूण लागलेला वेळ, हे दोन आकडे वेगवेगळे असतात. ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्याला चालू होत नाही. तुमचं चाक सुरुवातीच्या किरणातून बाहेर पडतं तेव्हा ते चालू होतं. समजा तुमची ईटी १५.२०० आहे आणि शेजारच्याची १५.४००. गाडी तुमचीच वेगवान. पण दिवा बघून सुटायला तुम्हाला ०.७०० लागले आणि त्याला ०.४५०. बेरीज करा: तुमची १५.९००, त्याची १५.८५०. तो जिंकला. समोरासमोरच्या बादफेरीत हे सतत घडतं. ज्या क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या गटात, फक्त सगळ्यात कमी ईटी बघतात तिथे रिअॅक्शनचा फरक पडत नाही. म्हणून आपल्या क्लासचा निकाल कशावर लागतो ते नियम वाचून आधीच माहीत करून घ्या.

स्लिपवर आणखी एक आकडा असतो, पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे साधारण १८ मीटरचा. सगळ्यात आधी माझी नजर त्यावर जाते. टॉप स्पीड किती आला हे सगळे सांगतात, पण रन बनतो किंवा बिघडतो तो या १८ मीटरमध्ये. क्लच एकदम सोडला तर पुढचं चाक उचलतं किंवा मागचं जागेवर फिरतं, आणि फार जपून सोडला तर इंजिन आरपीएममधून खाली पडतं. क्लच लिव्हरच्या बोटभर हालचालीत, ठरावीक आरपीएमला तो अर्धवट धरून ठेवायचा, वजन टाकीवर पुढे ओढायचं, आणि मग सोडत न्यायचा. हे हातात बसलं की ६० फुटांच्या आकड्यात जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक शेवटच्या ईटीत दिसतो, कारण सुरुवातीला मिळालेला वेग पुढे सबंध ४०२ मीटर तुमच्यासोबत राहतो.

ड्रॅगची खरी ओढ मला या निखळपणात दिसते. हवा, टायर, गिअर, क्लच, डोकं, सगळं एका क्षणात बरोबर यावं लागतं आणि उत्तर लगेच कागदावर छापून येतं. त्यात वाद नाही. दुसरं म्हणजे हा खेळ गाडी बनवणाऱ्याला मान देतो. किर्लोस्करवाडीपासून शिरोलीपर्यंत लेथवर हात बसलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. स्प्रॉकेटचा एक दात कमी-जास्त केल्याने किती फरक पडला हे त्यांना आकड्यात दिसतं, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर येणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

२. सर्किटची ओढ कशात आहे ते समजून घ्या

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे, १२ वळणांचा. प्रत्येक वळणावर तुम्हाला तेच चार निर्णय घ्यायचे असतात: ब्रेक कुठे लावायचा, किती दाबायचा, आत कधी वळायचं, थ्रॉटल कधी उघडायचा. साध्या गाडीवर दोनेक मिनिटांनी तेच वळण पुन्हा समोर येतं. मागच्या फेरीत जे चुकलं ते या फेरीत सुधारायची संधी. सर्किटची नशा मला इथे वाटते. ड्रॅगमध्ये रन झाल्यावर परत रांगेत उभं राहायचं असतं. सर्किटवर एका सत्रात तुम्ही पंधरा-वीस मिनिटं अखंड शिकत असता.

एक वळण जवळून बघा. सरळ पट्ट्याच्या शेवटी अंतराच्या पाट्या असतात. पहिल्या दिवशी दूरच्या पाटीलाच ब्रेक लावा. ब्रेक हळूच सुरू करायचा, पुढचा फोर्क खाली बसला की दाब वाढवायचा. गुडघे टाकीला आवळून धरायचे, म्हणजे शरीराचं वजन हातांवर येत नाही. वळणाच्या बाहेरच्या कडेला असताना मान फिरवून आतल्या कडेचा बिंदू बघायचा, त्याला एपेक्स म्हणतात. नजर तिथे गेली की गाडी तिथे जाते. एपेक्सला पोचायच्या आधी नजर पुढे, बाहेर पडायच्या जागेवर गेलेली पाहिजे. थ्रॉटल उघडायचा तो गाडी सरळ होत जाईल तसतसा. आत शिरताना थोडं हळू गेलं तरी चालेल, बाहेर पडताना वेग पाहिजे, कारण तो वेग पुढच्या सबंध सरळ पट्ट्यावर तुमच्या कामी येतो. आपल्या घाटात गाडी चालवून तयार झालेली पोरं नेमकं उलटं करतात. जोरात आत शिरतात आणि एपेक्सला घाबरून थ्रॉटल बंद करतात.

सर्किट अंगमेहनतीचं आहे हेही लक्षात ठेवा. मांड्या, पाठ आणि हाताचे पंजे दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात बोलायला लागतात. आणि समोर-मागे दहा-वीस जण असतात. त्यांच्यात राहून डोकं शांत ठेवणं ही वेगळी विद्या आहे, ती ड्रॅगच्या लेनमध्ये शिकायला मिळत नाही.

३. आपला खेळ कोणता ते ठरवा

माझा कल सर्किटकडे आहे. गाडी चालवायला शिकायचं असेल तर सर्किट, गाडी बनवायला शिकायचं असेल तर ड्रॅग, असं मी नव्यांना सांगतो. ही विभागणी ढोबळ आहे, कारण उत्तम ड्रॅग रायडरच्या क्लच-हाताला तोड नसते. बेंगळुरूचे हेमंत मुद्दप्पा यांनी ड्रॅगची राष्ट्रीय विजेतेपदं पुन्हा पुन्हा मिळवली ती नुसत्या मोठ्या इंजिनावर नव्हे. तरी सुरुवातीला ही विभागणी उपयोगी पडते.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. गॅरेजमध्ये रात्री उशिरापर्यंत बसायला आवडतं की सकाळी लवकर उठून चालवायला? एका रनसाठी दोन तास रांगेत थांबायची तयारी आहे का? दुसऱ्याने मागून ओव्हरटेक केलं तर राग येतो का? राग येणाऱ्याने सर्किटवर यावं की नाही, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी प्रशिक्षण घ्यावं, स्पर्धेत वर्षभराने यावं.

सुटीचा आणि प्रवासाचा हिशोबही इथेच करा. ड्रॅगच्या मोठ्या स्पर्धा वर्षात मोजक्याच होतात, सर्किटसाठी मात्र बहुतेक वेळा दक्षिणेत जावं लागतं.

४. रस्ता, घाट आणि मोकळी धावपट्टी यांना हात लावू नका

सातारा-कोल्हापूर महामार्गाचा सरळ पट्टा, रात्रीचा बायपास, यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट, यांपैकी एकही रेसिंगची जागा नाही. महामार्गावर रात्री उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. हंगामात तर रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. घाटात वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि तिथे झेंडा दाखवायला माणूस उभा नसतो.

कायदाही साफ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर कलम १९९-ए लागतं आणि प्रकरण पालकांवर किंवा गाडीमालकावर येतं: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. घरच्यांना यात ओढू नका.

कराडची धावपट्टी आणि सांगलीजवळ कवलापूरची जुनी विमानतळाची जागा यांच्याबद्दल मला सारखं विचारलं जातं. प्रश्न चुकीचा नाही. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या पडक्या धावपट्टीवरच आपल्या देशातलं सर्किट रेसिंग वाढलं, आणि अमेरिकेत ड्रॅगही अशाच धावपट्ट्यांवर रुजलं. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना काढली तीच मुळी रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांना सुरक्षित जागी नेण्यासाठी. आपल्याकडेही असं व्हावं असं मला फार वाटतं. पण ते परवानगी, अडथळे, अँब्युलन्स आणि विमा यांच्यासह व्हायला हवं. कुंपणाच्या फटीतून गाडी आत घालून नाही.

५. जवळ काय आहे आणि लांब कुठे जावं लागतं

सुरुवात कोल्हापूरपासून करा. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून सव्वाशेच्या आत. मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक तिथे आहे आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. दुचाकीवाल्याने कार्ट, म्हणजे ती छोटी उघडी चारचाकी, कशाला चालवायचं, असं वाटेल. ब्रेक, एपेक्स आणि बाहेर पडण्याचा वेग या तीन गोष्टी कार्टवर कमी धोक्यात कळतात. पडायची भीती नसते म्हणून डोकं शिकायला मोकळं राहतं. सर्किट आपल्याला रुचतं की नाही हे एका दुपारी समजतं.

पुण्याच्या पलीकडे तळेगावजवळ नाणोली स्पीडवे आहे. तिथे ट्रॅक डे, म्हणजे स्पर्धेशिवाय आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस, असतो तेव्हा साताऱ्याहून पहाटे निघून गाठता येतो. ड्रॅगसाठी आपल्याला सगळ्यात जवळचं नाव म्हणजे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी व्हॅली रन ही स्पर्धा. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा. दिवसभर सुरुवातीच्या रेषेजवळ उभं राहून फक्त लोकांचे डावे हात बघा. व्हिडिओत दिसत नाही ते तिथे दिसतं.

खरं सर्किट म्हणजे चेन्नई किंवा कोइम्बतूर. कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचं आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचं, छोटं आणि नवशिक्याला सोपं जाणारं. चेन्नईचा ट्रॅक मोठा आणि वेगवान. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, ते पहिल्या वर्षात डोक्यात घेऊ नका.

दक्षिणेत गाडी न्यायचे तीन मार्ग आहेत. एक, तिघा-चौघांनी मिळून पिकअप किंवा छोटा हत्ती करणं. दोन, मिरजेहून रेल्वे पार्सल. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे आधीच काढून घ्या, नाहीतर तुटून येतात. तीन, आणि नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला: गाडी न्यायचीच नाही. बऱ्याच प्रशिक्षण शाळा त्यांची गाडी आणि सूटही भाड्याने देतात. मिरजेतून रेल्वेने बेंगळुरू, पुढे चेन्नई, हातात फक्त हेल्मेट आणि बूट. पडलात तर नुकसानभरपाई किती, हे आधी लेखी घ्या.

आपली गाडी चालवत ट्रॅकवर जायचं आणि दिवसभर पळवून चालवतच परत यायचं, हा बेत चेन्नईसाठी तर नाहीच, नाणोलीसाठीही नको. लिव्हर तुटला, टायर संपला किंवा मनगट मुरगळलं तर परतीचा रस्ता उरत नाही.

६. अंगावर काय हवं

यात काटकसर नको. इंजिनासाठी बाजूला ठेवलेले पैसे इथे घाला.

हेल्मेट फुल फेस, दोन कड्यांच्या पट्ट्याचं, ईसीई, डॉट किंवा स्नेल मानांकनाचं. कुठलं मानांकन चालतं ते त्या स्पर्धेच्या नियमांत बघा. फक्त आयएसआय असलेलं काही ठिकाणी नाकारतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बाद. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका.

लेदर सूट एकसंध असावा, किंवा दोन तुकड्यांचा असेल तर कमरेला पूर्ण गोल चेनने जोडला जाणारा. नुसत्या पुढच्या बटणाने जोडलेला जाळीचा जॅकेट-पॅन्ट सर्किटवर चालत नाही, कारण घसरताना जॅकेट वर सरकतं. सूट सेकंडहँड घेतला तरी हरकत नाही, पण शिलाई उलटी करून बघा. पाठीचा प्रोटेक्टर वेगळा घ्या. हातमोजे मनगटाच्या वर जाणारे, बूट घोट्याच्या वर. ड्रॅगमध्ये सरळच तर जायचंय, म्हणून जीन्स घालणारे भेटतील. ताशी १५० ला पडलेल्या माणसाला रेष सरळ होती का वाकडी याने काही फरक पडत नाही.

७. गाडी: थोडंच करा, आणि उलट फिरवता येईल असंच करा

नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ड्रॅगसाठी केलेले बदल सर्किटवर घातक ठरतात. लांब केलेला स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, पुढचं चाक उचलू देत नाही, पण गाडी वळायला नाखूश होते. खाली बसवलेली गाडी लाँचला, म्हणजे रेषेवरून सुटायला, उत्तम, पण झुकवली की फूटपेग आणि सायलेन्सर रस्त्याला घासतात आणि चाक उचलून पाडतात. रुंद मागचा टायर मूळ रिमवर चढवला की त्याचा आकार बिघडतो. हवा ओढून घेणारा मोकळा फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावून, इंधनाचं मिश्रण न जुळवता, गाडी आवाजाने वेगवान वाटते आणि स्लिपवर हळू निघते. शिवाय कायद्याने मूळ रचना बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, तो त्रास वेगळा.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त एवढं:

ब्रेक ऑइल नवं भरा, डॉट ४, आणि पॅड बघा. ताशी १०० वरून थांबायला ब्रेकना जेवढी उष्णता जिरवावी लागते, त्याच्या जवळपास दुप्पट १४० वरून थांबताना जिरवावी लागते. जुन्या ऑइलात पाणी शिरलेलं असतं, ते उकळतं आणि लिव्हर सरळ हँडलला टेकतो. ड्रॅगमध्येही हे विसरू नका. रेषा ओलांडल्यावर थांबायचं असतंच.

चेन आणि स्प्रॉकेट चांगले हवेत, आणि चेनचा ढिलेपणा कंपनीने सांगितला तेवढाच. फार आवळलेली चेन लाँचला तुटते.

गाडी लिक्विड-कूल्ड असेल तर सर्किटसाठी कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरा. कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागच्यांचा घात होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ते चालत नाही. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधा. आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड, स्टँड काढा किंवा घट्ट बांधा. दिव्यांच्या काचांवर टेप चिकटवा.

टायर चांगला हवा, रुंद नको. हवेचा दाब ट्रॅकवर गेल्यावर तिथल्या प्रशिक्षकाला विचारून ठरवा. आपला गेज सोबत ठेवा.

ड्रॅगची आवड पक्की झाली, तर पहिला खर्च क्लच प्लेट आणि मागच्या स्प्रॉकेटवर करा. दोन्ही परत मूळचे बसवता येतात. इंजिनाचं बोअर वाढवायचं असेल तर क्लासची सीसी मर्यादा आधी वाचा. थोड्याशा सीसीने वरच्या क्लासमध्ये ढकलले गेलात तर तिथल्या गाड्या तुमच्या आवाक्यात नसतात.

८. कागदपत्रं

देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संघटना बघते, कार्यालय चेन्नईला. स्पर्धेत उतरायचं तर तिचं लायसन्स लागतं, अर्ज ऑनलाइन होतो आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. नुसत्या ट्रॅक डेला किंवा प्रशिक्षणाला ते सहसा लागत नाही. फाइलमध्ये हे ठेवा:

- वाहन चालवण्याचा परवाना आणि आधार, मूळ आणि प्रती
- वयाचा दाखला
- पासपोर्ट फोटो
- रक्तगटाचा रिपोर्ट
- डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र (संघटनेच्या ठरलेल्या नमुन्यात, साध्या चिठ्ठीवर नको)
- १८ वर्षांखालील असाल तर पालकांचं संमतीपत्र
- सर्किट स्पर्धेसाठी मान्यताप्राप्त शाळेचं प्रशिक्षण प्रमाणपत्र
- गाडीची आरसी, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं पत्र
- स्वतःचा आरोग्य आणि अपघात विमा

शेवटच्या ओळीवर थांबा. तुमच्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांना भरपाई नसते, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. वैयक्तिक अपघात विम्यातही अशी वगळणी असू शकते. एजंटला तोंडी विचारू नका, अटी उघडून वाचा.

स्पर्धा जाहीर झाली की सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स नावाची नियमपुस्तिका निघते. क्लास, सीसी, कपडे, तपासणीची वेळ, शुल्क परत मिळतं का, सगळं तिच्यात असतं. ती पुस्तिका नाही, परवाना क्रमांक नाही, फक्त व्हॉट्सॲपवर एक रंगीत पोस्टर आणि पैसे पाठवायचा नंबर आहे, अशा ड्रॅग मीटला जाऊ नका. आयोजकाला तीन प्रश्न विचारा: अँब्युलन्स कुठे उभी असेल, रेषेनंतर थांबायला किती मीटर जागा आहे, प्रेक्षक कशाच्या मागे उभे असतील. उत्तर देताना तो चाचरला तर निर्णय झाला.

९. पहिला दिवस

ड्रॅगच्या दिवशी पहाटे तपासणीच्या रांगेत लागा. तुमचा नंबर दुपारी येईल, डांबर तापलेलं असेल. सावली, पाणी आणि बसायला काहीतरी न्या. सूट अर्धा उतरवून बसा. रेषेजवळ पाणी मारलेली जागा असते, मोठ्या गाड्या तिथे टायर फिरवून गरम करतात. साध्या रोड टायरवाल्याने ते ओलं टाळून बाजूने जावं, कारण ओले खाचे घेऊन रेषेवर गेलात तर मागचं चाक नक्की फिरणार. पहिल्या रनला मध्यम आरपीएमवर, शांतपणे सुटा. एका रनमध्ये एकच गोष्ट बदला, फक्त लाँचचा आरपीएम किंवा फक्त शिफ्टची जागा, आणि स्लिपच्या मागे लगेच लिहून ठेवा. रेषा ओलांडली की एकदम ब्रेक दाबू नका, थ्रॉटल सोडा, सरळ राहा, आणि शेजारची गाडी कुठे आहे ते कळल्याशिवाय लेन सोडू नका.

सर्किटच्या दिवशी सकाळची ब्रीफिंग चुकवू नका. झेंडे पाठच पाहिजेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तुम्ही आपली रेष सोडू नका, तो निघून जाईल. काळा तुमच्या नंबरसह दाखवला तर तुम्ही आत यायचं. चौकटीचा म्हणजे सत्र संपलं.

गट निवडताना सगळ्यात हळू गटात नाव घाला. पहिल्या सत्रात फक्त रेष शिका, टायर गरम होऊ द्या. थंड टायरवर पहिल्या दोन फेऱ्यांत पडणारे दरवेळी दिसतात. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला रबराचे बारीक गोळे साचलेले असतात, त्यांच्यावर झुकलेली गाडी नेऊ नका. वेग जास्त झाला आणि वळण जमणार नाही असं वाटलं, तर गाडी सरळ करून मातीत शांतपणे जाऊ द्या, ब्रेक हलका ठेवा. तिथे जागा त्यासाठीच मोकळी ठेवलेली असते.

तहान लागायच्या आधी पाणी प्या. कोइम्बतूर-चेन्नईचा उकाडा आपल्या महाबळेश्वरच्या हवेत वाढलेल्या माणसाला झेपत नाही. दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात लोक जास्त पडतात, म्हणून जेवण हलकं घ्या. दमलात तर शेवटचं सत्र सोडून द्या, पैसे भरले असले तरी.

१०. परत आल्यावर

गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी कूलंट पुन्हा भरा, टायरचा दाब रस्त्याचा करा, आरसे आणि नंबरप्लेट लावा, पॅडची जाडी बघा, चेन पुन्हा ताणून घ्या. ड्रॅग केलं असेल तर क्लच लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, तपासा. प्लेटा जळल्याचा वास ऑइलला येत असेल तर ऑइल बदला आणि प्लेटा उघडून बघा.

मग वही उघडून तारीख, हवा, टायरचा दाब, स्लिपवरचे सगळे आकडे किंवा फेऱ्यांच्या वेळा लिहून काढा. कुठल्या वळणाला किंवा कुठल्या गिअरला अडखळलात तेही लिहा. पुढचं बुकिंग करताना आधी ही वही वाचा, आणि गॅरेजला गाडी लावायची असेल तर मिस्त्रीलाही ती दाखवा.